कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला की अमेरिकेत नोकरी करता येते का?

नाही. आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर हा गैरसमज रोज कानावर पडतो. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे, पासपोर्ट आपला निळा भारतीयच राहतो. त्यामुळे नायगरा नुसता पलीकडच्या काठावरून बघायचा म्हटलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. माझा मावसभाऊ पीआर कार्ड खिशात टाकून ऐटीत पुलापर्यंत गेला, हात हलवत परत आला! अमेरिकेत कामासाठीचा टीएन दर्जा फक्त कॅनडा-मेक्सिकोच्या नागरिकांना. पीआरवाल्यांनी एच-१बी वगैरे कामाच्या व्हिसांच्याच रांगेत उभं राहायचं. आणि हो, पीआर टिकवायला ५ वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. पुण्यात आईबाबांकडे मुक्काम लांबवताना तेवढे दिवस मोजा.