निळ्या रंगावर रिसर्च काय करणार?

प्रश्न : नमस्कार. मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी सरांनी कॉपर थॅलोसायनिन सुचवलंय. हा तर छपाईच्या शाईतला निळा रंग, यात रिसर्च करण्यासारखं काय असणार? आणि रंगाची पावडर आणून प्रयोग केले तर चालतील का?

उत्तर : विषय फार छान मिळालाय, अजिबात सोडू नका.

1928 मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ कारखान्यात थॅलिमाइड नावाचं पांढरं रसायन बनवत होते, भांड्याच्या इनॅमलचा टवका उडाला, आतलं लोखंड उघडं पडलं आणि मालात निळसर-हिरवी भेसळ दिसायला लागली. ते होतं आयर्न थॅलोसायनिन, म्हणजे तुमच्या रंगाचंच तांब्याऐवजी लोखंड असलेलं भावंड. पुढे रसायनशास्त्रज्ञ लिनस्टेड यांनी रचना शोधली आणि रॉबर्टसन यांनी एक्स-रेने ती पक्की केली. मधे धातूचा एक अणू, भोवती नायट्रोजन-कार्बनचं सपाट कडं. हे कडं इतकं चिवट आहे ना, की व्हॅक्युममध्ये चारशे डिग्रीच्या आसपास तापवलं तरी तुटत नाही, सरळ वाफ होते आणि काचेवर एकसारखी पातळ फिल्म बसते. बहुतेक सेंद्रिय रंग एवढ्या उष्णतेत जळून जातात, त्यामुळे माझ्या मते रिसर्चवाल्यांना याचा निळेपणा नंतर आवडला, आधी आवडला हा दणकटपणा.

1986 मध्ये कोडॅक कंपनीच्या टँग यांनी कॉपर थॅलोसायनिनचा एक थर आणि त्यावर पेरिलीनच्या संयुगाचा दुसरा थर देऊन सोलर सेल केला, कार्यक्षमता जेमतेम एक टक्का, पण दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन पलीकडे जातो ही कल्पना तिथून रुजली आणि ऑरगॅनिक सोलर सेलवाले आजही तिच्यावरच काम करतात. दुसरं म्हणजे तांब्याकडे एक जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असतो. 2013 च्या एका अभ्यासात पाच केल्विनच्या कडाक्याच्या थंडीत त्याचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकासारखा गुण) सुमारे 59 मिलिसेकंद टिकलेला दिसला, म्हणून क्वांटम माहितीवर काम करणारेही याच्याकडे वळले. जीवशास्त्रात म्हणाल तर मेंदूच्या कापांमध्ये मायेलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) दाखवणारा लक्सॉल फास्ट ब्लू हा रंग याच कुळातला. कॅन्सरवरच्या प्रकाश-उपचारासाठी मात्र तांबं काढून झिंक घालतात, कारण तांब्यामुळे उत्तेजित रेणू फार लवकर शांत होतो.

आता पावडरचं. शाईची पावडर नको. रंग नीट मिसळावा म्हणून त्यात इतर पदार्थ घातलेले असतात आणि इलेक्ट्रॉनिक मोजमापात थोडीशी अशुद्धीही आकडे बिघडवते. सब्लाइम्ड ग्रेड, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेली पावडर, मागवा, किंवा डिपार्टमेंटमध्ये ट्यूब फर्नेस आणि चांगला व्हॅक्युम पंप असेल तर स्वतःच शुद्ध करा. क्वार्ट्झच्या नळीत गरम टोकाला पावडर ठेवायची, वाफ थंड बाजूला सरकते, कचरा वेगळ्या जागी बसतो आणि मधल्या पट्ट्यात जांभळट चकाकीच्या बारीक सुया वाढतात. त्या सुयाच गोळा करायच्या. घाई करू नका, सावकाश तापवलं तरच पट्टे वेगळे बसतात.

फिल्म झाली की पहिल्यांदा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम (कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) घ्या. साधारण 620 आणि 690 नॅनोमीटरला दोन शिखरं दिसली तर तो स्फटिकांचा अल्फा प्रकार, ती उजवीकडे 720 च्या बाजूला सरकली तर बीटा. दोन्हींमध्ये रेणूंची मांडणी वेगळी, वीजवहनही वेगळं, तेव्हा कुठला प्रकार मिळालाय ते वहीत लिहून ठेवल्याशिवाय पुढचं एकही रीडिंग घेऊ नका.