टोयोटाचा छोटा पिकअप: येणार का, आणि कसा?

प्रश्न: टोयोटा अमेरिकेत आपल्या टॅकोमा या मध्यम आकाराच्या पिकअपपेक्षा लहान पिकअप आणणार अशी चर्चा सारखी ऐकतोय, यात खरंच काही दम आहे का?

उत्तर: मला तरी दम वाटतो. २०२३च्या जपान मोबिलिटी शोमध्ये टोयोटाने ईपीयू नावाचा कन्सेप्ट, म्हणजे फक्त दाखवण्यापुरता नमुना, दाखवला होता, लांबी ५.०७ मीटर, म्हणजे जवळपास फोर्डच्या मॅव्हरिक या छोट्या पिकअपएवढीच, आणि चेसिस वेगळी नाही, कारसारखी मोनोकॉक बॉडी, शिवाय केबिनची मागची बाजू उघडून सामानाची जागा आतपर्यंत वाढवता येते, त्यामुळे लांब सामान आरामात मावतं. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं!

पण तो कन्सेप्ट पूर्ण इलेक्ट्रिक होता. माझा अंदाज विचाराल तर विकायला येईल ती हायब्रिडच, कारण २०२१ला मॅव्हरिक आली ती २० हजार डॉलरच्या आतल्या किंमतीत हायब्रिड घेऊन आणि लोक अक्षरशः तुटून पडले. टोयोटाकडे हायब्रिडचा अनुभव १९९७च्या प्रियस कारपासूनचा आहे, मग हातचं कशाला सोडतील.

कारखाना कुठे, हेही बघायला हवं. बाहेरून आणलेल्या हलक्या ट्रकवर अमेरिकेत १९६४पासून २५ टक्के ड्युटी आहे, त्यामुळे जपानहून आणून स्वस्तात विकणं जमणारच नाही.