‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ सगळ्या शास्त्रांत एकच असतो का?
नाही, प्रत्येक शास्त्राची कसोटी वेगळी आहे. पर्यावरणवाले माणसाचा हात किती लागला ते बघतात. रसायनशास्त्राला उगमाशी फारसं देणंघेणं नाही: व्हॅनिलाच्या शेंगेतलं व्हॅनिलिन (तिच्या वासाचं मुख्य संयुग) आणि कारखान्यातलं व्हॅनिलिन, रेणू तोच. (शेंगेच्या अर्कात इतरही बरीच संयुगं असतात, म्हणून वास वेगळा येतो.) कणभौतिकीत, म्हणजे मूलकणांच्या शास्त्रात, तर या शब्दाचा झाडापानांशी संबंधच नाही. तिथे सिद्धांतातले आकडे मुद्दाम जुळवल्यासारखे वाटू नयेत, एवढंच. हिग्ज कणाचं (इतर मूलकणांना वस्तुमान मिळण्याशी जोडलेल्या कणाचं) वस्तुमान सुमारे १२५ जीईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), तर प्लांक वस्तुमान, म्हणजे जिथे गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम महत्त्वाचे ठरतात ते वस्तुमान, त्याच्या जवळजवळ एकावर १७ शून्यं इतक्या पट. हा फरक टिकवायला सिद्धांतातले आकडे फार बारकाईने जुळवावे लागतात, म्हणून तो अनेकांना ‘अनैसर्गिक’ वाटतो. मात्र आकडे ‘नैसर्गिक’ असावेत हा सिद्ध झालेला नियम नव्हे, अपेक्षा आहे. तिच्या भरवशावर सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत ज्या नव्या कणांची वाट पाहिली, ते अजून सापडलेले नाहीत.