शेवटची पोळी

‘मॅडम, स्वतःसाठी काही घेतलं की चोरी केल्यासारखं वाटतं. मी स्वार्थी आहे का?’

हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीतून मी पुष्कळदा ऐकलाय. या वेळी विचारणाऱ्या बाई ४३ वर्षांच्या, बँकेत अधिकारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) गणपतीत एकच मोदक उरला आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘मला नको, दादाला दे.’ पोरीला मोदक जीव की प्राण. ‘तिच्या तोंडून मीच बोलले,’ बाई म्हणाल्या.

तुम्ही कधी जेवता, मी विचारलं. सगळ्यांचं आटोपल्यावर, ओट्यापाशी उभ्यानं, आधी सकाळची पोळी संपवून. तसं करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. नवरा साधा माणूस. अशा गोष्टीत खलनायक शोधायची आपल्याला घाई असते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

लहानपणी त्यांना फारसा ओरडाही बसला नव्हता. कौतुक मात्र झालं होतं. भावाला खाऊ दिला की ‘किती समजूतदार पोर!’, दुखलं तरी गप्प राहिली की ‘हूं नाही की चूं नाही!’ आपली किंमत वाढते ती काही सोडल्यावर, हे गणित कौतुकातून जितकं पक्कं होतं तितकं धपाट्यातून होत नाही.

त्यात १९९१चा ‘माहेरची साडी’. आईनं शेजारणींबरोबर यांनाही नेलं होतं. अलका कुबल यांची सोसणारी सून आणि थिएटरभर हुंदके. ‘सगळ्या रडत होत्या, म्हणजे चांगली बाई अशीच असते, असं मला वाटलं.’ मी त्या सिनेमाला नावं ठेवणार नाही. कित्येकींना स्वतःचं रडू तिथल्या अंधारात मोकळं करता आलं असेल. पण शेजारी नऊ वर्षांची मुलगी बसली होती. आता रोज संध्याकाळी सासूबाईंबरोबर मालिका असतेच. तिथं स्वतःचं मत असणारी बाई बहुधा कारस्थानी निघते.

मी त्यांना २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणातला आकडा सांगितला. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७. बाई बँकेतल्या, लगेच म्हणाल्या, ‘तीन तास बावीस मिनिटांचा फरक. व्याजासकट किती होईल हो?’

उपाय एकच दिला. आठवड्यातून दोनदा पोळ्या आधी करून ठेवायच्या आणि सगळ्यांबरोबर बसून ताजी खायची. उठावंसं वाटलं की मनात कुणाचं वाक्य आलं ते लिहायचं. पहिल्याच रात्री त्या चारदा उठल्या. वहीत तीनदा आईचं वाक्य होतं आणि एकदा, हे दाखवताना त्यांनाच हसू फुटलं, मालिकेतल्या सासूचं.

मग दिवाळीला माहेरी गेल्या. सत्तरीच्या आईला म्हणाल्या, ‘आज तू आधी बस, मी गरम वाढते.’

‘अगं, मला गरम सोसत नाही. शिळीच गोड लागते.’

‘मॅडम, तिनं कधी खाऊन पाहिली असेल का?’ बाईंनी मला विचारलं.

नात पलीकडेच बसली होती म्हणे. तिनं आपल्या ताटातली मोडून पुढे केली. आजीनं चतकोर खाल्ली.