बीटल्स या इंग्लिश बँडसोबत राहिलेल्या माणसांच्या आठवणी वाचायच्या तर कोणाच्या, आणि त्या कितपत खऱ्या मानायच्या?

मला विचाराल तर त्यांचं सामान वाहणाऱ्या मॅल इव्हान्सच्या. बीटल्सच्या बायकांनी लिहिलंय, ऑफिसातल्या लोकांनी लिहिलंय, साउंड इंजिनियरने लिहिलंय, आणि ते वाचाच, पण सामान उचलणाऱ्या माणसाला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः नऊ वर्षं नाटकाच्या बॅकस्टेजला काढलीत, सेट टेम्पोत भरण्यापासून ते विंगेत उभं राहून नटाच्या हातात नेमक्या वेळी वस्तू देण्यापर्यंत सगळं केलंय, त्यामुळे असेल, पण मॅलबद्दल वाचताना मला आमच्याच कंपनीतल्या कोणाबद्दल वाचतोय असं वाटत होतं.

माणूस लिव्हरपूलचा, पोस्ट खात्यात टेलिफोन इंजिनियर, घरी बायको लिली आणि लहान मुलगा. जेवणाच्या सुट्टीत, बीटल्स वाजवायचे त्या कॅव्हर्न क्लबमध्ये गाणी ऐकायला जाऊ लागला, अंगाने धिप्पाड, म्हणून बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या सांगण्यावरून तिथेच दारावर बाउन्सर म्हणून उभा राहायला लागला. जानेवारी १९६३ मध्ये बँडची व्हॅन चालवणारा नील अ‍ॅस्पिनॉल आजारी पडला आणि लंडनला नेऊन आणायचं काम मॅलकडे आलं. परत येताना खडा उडून पुढची काच फुटली. इंग्लंडमधला तो भयंकर थंडीचा हिवाळा, अजून शेकडो मैल जायचंय, याने काय केलं तर उरलेली काच हाताने ठोकून पाडली आणि तसाच निघाला. बँडमधला जॉन लेनन नंतर सांगायचा की मॅलच्या डोक्यावर कागदी पिशवी, डोळ्यांपुरती फट फाडलेली, आणि हे चौघं मागे ऊब मिळावी म्हणून एकमेकांच्या अंगावर आडवे पडलेत, सोबत व्हिस्कीची बाटली. दुसऱ्या दिवशी व्हॅन हजर तेव्हा काच नवीन बसवलेली! कुठून आणली, कधी बसवली, कोणाला पत्ता नाही. बॅकस्टेजचा माणूस ओळखायचा तो असा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पोस्टातली पक्की नोकरी सोडली.

मग पुढे टूरचं सगळं तो आणि नील बघायचे. जुलै १९६६ मध्ये फिलिपिन्समध्ये मनिलाला, तिथल्या राष्ट्राध्यक्षांची बायको इमेल्डा मार्कोसच्या कार्यक्रमाला बँड गेला नाही म्हणून एअरपोर्टवर यांना धक्काबुक्की झाली, विमानात बसल्यावर मॅनेजर ब्रायन एपस्टाइन आणि मॅलला परत खाली बोलावलं. उतरताना मॅल जॉर्जला एवढंच म्हणाला की लिलीला सांग माझं तिच्यावर प्रेम आहे. म्हणजे आपण परत येऊ की नाही याची त्याला खात्री नव्हती. शेवटी सोडलं सगळ्यांना, विमान दिल्लीला आलं, आणि दिल्लीत जॉर्जने सतार घेतली. तोच जॉर्ज सप्टेंबरात पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत ताजमध्ये येऊन राहिला, ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं, मनिलाचं नसतं.

स्टुडिओतलं मात्र नीट कान देऊन ऐका. 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात २४ बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) जागा रिकामी ठेवली होती, तिथे काय भरायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून मॅलला पियानोजवळ उभं करून एकपासून चोवीसपर्यंत मोठ्याने मोजायला लावलं आणि जागा संपते तिथे गजराचं घड्याळ लावलं. तो गजर टेपवरून काढता आला नाही, आणि पुढची ओळ झोपेतून उठण्याचीच असल्यामुळे शोभूनही गेला, त्यामुळे आज जगभर ऐकू येतो तो गजर मॅलने लावलेला आहे. हेडफोन लावलात तर ऑर्केस्ट्राच्या मागे त्याचं मोजणंही लागतं. शेवटी पियानोवर एकदम दाबलेल्या सुरांचा तो लांबलचक कॉर्ड वाजवणाऱ्यांतही तो आहे.

आता खरं किती मानायचं. मी एक करतो, त्या दिवशी डायरीत लिहिलेलं वेगळं ठेवतो आणि दहा वर्षांनी आठवून सांगितलेलं वेगळं. मॅल डायरी ठेवायचा. १९६७ च्या सुरुवातीला तो लिहितो की बँडमधल्या पॉल मॅकार्टनीबरोबर बसून गाणं रचतोय, छपरातून पाऊस आत येतो ते गाणं, आणि पॉल म्हणालाय रॉयल्टी मिळेल, म्हणजे आता कदाचित नवीन घर होईल. रेकॉर्डवर नाव लेनन-मॅकार्टनी एवढंच आलं. एखादी ओळ सुचवणं आणि गाणं लिहिणं यात फार अंतर आहे, त्यामुळे गाण्यात त्याचा वाटा किती यावर मी भांडणार नाही, पण नवीन घराची ती ओळ कोणाला दाखवायला लिहिलेली नाही, तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पगार होता आठवड्याला ३८ पौंड. १९६९ च्या डायरीत येतं की बिलं तुंबलीत, जॉर्जला सांगावं लागलं की माझ्याकडे पैसे उरले नाहीत, आणि पगार वाढवून मागायचं मनाला येत नाही म्हणून भोगतेय ती लिली. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. नाटकातही नाईट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे, वाढवून मागायला जीभ रेटत नाही, आपण घरचे झालेलो असतो ना.

बँड फुटल्यावर त्याचं घरही फुटलं. तो लॉस एंजेलिसला राहायला गेला, तिथे स्वतःच्या आठवणी लिहिल्या, १२ जानेवारी १९७६ ला हस्तलिखित प्रकाशकाला द्यायचं होतं. त्याच्या आठवडाभर आधी, खूप खचलेल्या अवस्थेत, हातात रायफल घेऊन खोलीत असताना पोलिसांनी गोळ्या घातल्या. वय ४०. हस्तलिखित, डायऱ्या, फोटो न्यूयॉर्कच्या एका तळघरात कित्येक वर्षं पडून राहिले, एका तात्पुरत्या कर्मचारी बाईंच्या हाती लागले आणि मग घरच्यांना मिळाले. त्यावरून केनेथ वोमॅक यांनी त्याचं चरित्र लिहिलं, २०२३ ला आलं, तेच घ्या. नील अ‍ॅस्पिनॉलने २००७ पर्यंत बीटल्सची कंपनी सांभाळली, त्याला सगळ्यांत जास्त माहीत, पण त्याने पुस्तक लिहिलंच नाही आणि २००८ मध्ये गेला.

पुस्तक हातात येईपर्यंत ३० जानेवारी १९६९ ला बीटल्सनी आपल्या ऑफिसच्या गच्चीवर वाजवलं त्याचं शूटिंग बघून घ्या. पोलीस वर आलेत, मॅल त्यांना सांभाळतोय, आणि शेवटी नाइलाजाने जाऊन जॉर्जचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, बंद करतो. जॉर्ज वळतो आणि अ‍ॅम्प परत चालू करतो. त्या क्षणी सगळे जॉर्जकडे बघतात, तुम्ही मॅलकडे बघा.