खिडकी, नथ आणि पहिलं बिल : पोर्ट्रेटविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. चेहऱ्याच्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. ८५ ची लेन्स घेऊ का? (सांगली)

आधी मागे सरका. नाक मोठं दिसतं ते तुम्ही फार जवळ उभे राहता म्हणून. लेन्स बिचारी निर्दोष आहे. १८ वर चेहऱ्याने फ्रेम भरायची तर कॅमेरा जेमतेम हातभर अंतरावर न्यावा लागतो, आणि तेवढ्या जवळून कानापेक्षा नाक बरंच पुढे पडतं. झूम ५५ वर ठेवा, दीड-दोन मीटरवर उभे राहा, तोच चेहरा सरळ होतो. लेन्स घ्यायचीच असेल तर ५० मिमी एफ/१.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). क्रॉप सेन्सरवर ती मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ७५-८० सारखी चालते. ८५ ने कमरेपर्यंतचा फोटो घ्यायला साडेतीन मीटर तरी लागतात. आपल्याकडच्या हॉलमध्ये तोवर पाठ भिंतीला लागलेली असते.

प्रश्न : खिडकीजवळ बसवून आईचे फोटो काढले. एक गाल उजळ, दुसरा काळाकुट्ट आणि चेहऱ्यावर हिरवट झाक. काय चुकतंय? (नाशिक)

झाकेचं कारण बहुधा खोलीतच सापडेल. ट्यूब आणि एलईडी बंद करा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी, एका वेळी एकाच प्रकाशाशी जुळतो. तरीही हिरवटपणा राहिला तर भिंतीचा पोपटी रंग, रंगीत पडदा किंवा खिडकीबाहेरचं झाड बघा. भिंत रंगवायची गरज नाही, त्या बाजूला पांढरी चादर टांगली की पुरतं.

आता काळा गाल. खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर ठेवा आणि चेहरा खिडकीकडे साधारण ४५ अंशांत वळवा. अगदी आडवं बसवलं तर पलीकडच्या गालावर प्रकाश पोहोचतच नाही. त्या बाजूला दोन फुटांवर पांढरा कार्डशीट उभा करा आणि फ्रेममध्ये शिरणार नाही इतपत जवळ आणत जा. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसला की जागा बरोबर. पलीकडचा डोळा विझलेला दिसला तर चेहरा आणखी वळवा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर जुनं पांढरं धोतर एकपदरी टांगा. महागड्या डिफ्यूजरपेक्षा ते फार कमी पडत नाही.

नथ घातली असेल तर तिची सावली ओठावर पडते आणि प्रिंटमध्ये डागासारखी दिसते. चेहरा आणि कॅमेरा दोन्ही खिडकीच्या बाजूला थोडे सरकवा; सावली नथीमागे लपते.

एक्स्पोजरचं म्हणाल तर कॅमेरा जे मोजतो ते मध्यम राखाडी करू पाहतो. पांढरा सदरा-टोपी घातलेले आजोबा म्हणूनच काळवंडतात आणि काळ्या पडद्यापुढचा चेहरा पांढराफटक पडतो. स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधल्या छोट्या ठिपक्यापुरताच प्रकाश मोजणारी सेटिंग) गालावर मोजा. गव्हाळ रंगाला तेच माप चालतं, गोऱ्या रंगाला पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा, सावळ्या रंगाला अर्धा स्टॉप कमी करा. सावळा माणूस सावळाच दिसला पाहिजे. एडिटिंगमध्ये त्याला गोरा करण्याची स्टुडिओंची जुनी खोड उचलू नका.

प्रश्न : स्क्रीनवर फोटो छान दिसतो, मोठा करून पाहिला की डोळे धूसर. (ठाणे)

क्रॉप कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स, एफ/१.८ आणि एक मीटर अंतर असेल तर फोकस जेमतेम तीन सेंटिमीटर खोल असतो. फोकस करून मग फ्रेम हलवली तर तो भुवईवर नाही तर कानावर जातो. फोकस पॉइंट कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावरच न्या, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८ ते ४ ठेवा, शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नको. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. दाणे सुधारता येतात, हललेला डोळा सुधारत नाही. एलईडी लावूनच काढायचं असेल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील तर मात्र १/१०० वर या, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

प्रश्न : घरच्यांचे फोटो चांगले येतात. अनोळखी माणूस समोर बसला की तो ताठ होतो आणि मीही गडबडतो. (लातूर)

लाइट आणि सेटिंग तो येण्याआधीच, दुसऱ्या कुणाला तरी खुर्चीत बसवून, नक्की करा. ‘हसा’ म्हणू नका, शरीराला काम द्या : उभा असेल तर वजन मागच्या पायावर, खांदा किंचित तिरका, कपाळ थोडं पुढे आणि हनुवटी जराशी खाली. दुहेरी हनुवटी तिथेच कमी होते. हाताला पदर, उपरणं, कप, काहीही द्या. चष्मा चमकत असेल तर काड्या कानावरून थोड्या उचला. काचा खाली झुकतात. आणि दर फोटोनंतर स्क्रीन बघून कपाळाला आठ्या घालू नका. समोरच्याला वाटतं, आपणच वाईट दिसतोय.

प्रश्न : पहिलं पैशाचं काम आलंय. किती घ्यावे, काय लिहून घ्यावं? (पुणे)

तासाभराचं काम तासाचं नसतं. मांडामांड आणि फोटो काढणं दोन तास, निवड एक, दहा फोटोंचं रिटचिंग दर फोटोला पंधरा मिनिटं धरून अडीच, फोन आणि फाइल पाठवणं एक. झाले साडेसहा तास. दोन हजार घेतलेत तर तासाला तीनशेच्या आसपास सुटले, त्यातून प्रवास आणि कॅमेऱ्याची झीज वजा. ‘ओळखीचे आहेत’ म्हणून फुकट द्यायचं असेल तर तसं स्पष्ट सांगून फुकट द्या. निम्म्या पैशात केलेल्या कामाचा दर गावभर होतो.

लिहून घ्या : किती फोटो, कोणत्या तारखेला, दुरुस्त्या किती वेळा, निम्मी आगाऊ रक्कम, आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) मिळणार की नाही. बहुतेक नवखे एक गोष्ट उलटी धरून चालतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहक असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे तो फोटो तुमच्या इन्स्टावर किंवा दुकानाच्या काचेत लावायचा तर परवानगी हवी. ती ओळ सुरुवातीलाच करारात घाला आणि ग्राहक नको म्हणाला तर तेही लिहून ठेवा. मेमरी कार्ड मात्र फाइलच्या दोन ठिकाणी प्रती झाल्याशिवाय फॉरमॅट करू नका.