घशात कडू लागतं का?

नौपाडा, ठाणे

पोरी,

काल फोनवर म्हणालीस, "काका, हल्ली ऐरोलीला ऑफिसला जायचं जिवावर येतं, उगाच रडू येतं." आणि लगेच "कामाचा ताण असेल" म्हणून विषय बदललास. मी तुझ्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवरचं नाव वाचायला लावलं ते त्यासाठीच. काचबिंदूचं टिमोलॉल निघालं.

औषधाचं दुकान चालवण्यात माझा जन्म गेला. हे थेंब किती विकले, गणती नाही. मला स्वतःला काचबिंदू निघाला तेव्हा मात्र खोक्यातला कागद उलगडूनही पाहिला नाही. दोन महिन्यांत तलावपाळीची फेरी सुटली, गडकरीला नाटकाला जायचा कंटाळा, रात्री भलतीसलती स्वप्नं. दुकान बंद केलं म्हणून असेल, असं मी धरून चाललो. काकूने कालनिर्णय पुढ्यात ठेवलं. थेंब आणल्याच्या तारखेवर तिचीच खूण होती.

टिमोलॉल बीटा ब्लॉकर आहे, रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्याच जातीचं. थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात. गोळीसारखा आधी यकृतातून जात नाही. घशात कडवट लागतं ते यामुळेच. काहींची नाडी मंदावते, थकवा येतो, मन उतरतं. दमेकऱ्याला तर हे थेंब देऊच नयेत. पण सगळं खापर बाटलीवर फोडू नकोस. नजर जाईल या धास्तीनेही माणूस खचतो, आणि थेंबांमुळे नैराश्य येतं का, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही.

म्हणून मनाने थेंब बंद करायचे नाहीत. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि जाताना बहुतेकदा दुखतही नाही.

आजपासून एवढं कर. एकच थेंब टाक, डोळा अलगद मीट, नाकालगतच्या कोपऱ्यावर बोटाने दाब दे. दोन मिनिटं, घड्याळ लावून. उघडझाप नको. कडूपणा कमी झाला तर बोट बरोबर जागी पडलं समज.

आणि डॉक्टरांना तारखा सांग: थेंब कधी सुरू झाले, रडू कधीपासून येतं. ते डोळ्याचं प्रेशर बघतात, मनाचं तू सांगितल्याशिवाय कळणार कसं? माझे थेंब बदलून लॅटानोप्रोस्ट दिलं, रात्री एकदाच. तुला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील, लेझरही असतं. मनाच्या डॉक्टरांकडे गेलीस तर ही बाटली त्यांनाही दाखव. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी टिमोलॉलचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, नाहीतर मला उठव, रात्री कितीही वाजता.

शनिवारी ये. बाटली आण बरोबर, बोट कुठे ठेवतेस ते मला बघायचंय.

तुझा,
काका